रस्त्यावरचं मरण तकदीरमध्ये लिहिलेलं नसतं



आपण एकत्र जमतो तेव्हा संविधान, शिक्षण, स्त्रियांचे हक्क, रोजगार यांवर बोलतो. आज मी रस्त्याबद्दल बोलणार आहे. काहींना वाटेल, हा वाहतूक पोलिसांचा विषय आहे. पण इथं बसलेल्यांपैकी बहुतेक जण दुचाकीवर आलेत आणि संध्याकाळी दुचाकीवरच घरी जाणार आहेत. जगण्याचा हक्क हा आपला पहिला हक्क असेल, तर तो रोज सगळ्यांत जास्त पणाला कुठं लागतो, याचं उत्तर रस्ता हेच आहे.

27 जुलै 2025, रविवार. बारामती शहरात खंडोबानगर भागात एका डंपरच्या धडकेत दुचाकीवरचे वडील आणि त्यांच्या दोन लहान मुली गेल्या. या धक्क्यानं मुलींचे आजोबाही एका दिवसाच्या आत गेले. एका घरातली तीन पिढ्यांची माणसं संपली. ही बातमी आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली, दुसऱ्याला पाठवली, हळहळलो. आणि मग कुणीतरी म्हणालंच असेल, वेळ आली होती.

हे वाक्य प्रत्येक समाजाकडे आहे. कुणी नशीब म्हणतो, कुणी कर्म. आपल्याकडं मय्यतीला बसलेली वडीलधारी माणसं म्हणतात, ‘उसका वक्त आ गया था.’ दुःखात असलेल्या माणसाला त्यातून धीर मिळतो, म्हणून त्या वाक्याला मी नावं ठेवणार नाही. पण तेच वाक्य चौथ्या दिवशी, चाळिसाव्या दिवशीही आपण धरून बसतो, तेव्हा त्याचा उपयोग वेगळाच होतो. कुणालाच काही विचारावं लागत नाही. गाडीवाल्याला नाही, रस्ता बांधणाऱ्याला नाही, आणि स्वतःलाही नाही. आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण तर तुम्ही लहानपणापासून ऐकलीय. आज मी उंट बांधण्याबद्दलच बोलणार आहे.

आधी आकडे. केंद्र सरकारचं रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशभरातल्या पोलीस नोंदी एकत्र करून अहवाल काढतं. 2022 च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात 4,61,312 अपघात झाले आणि 1,68,491 माणसं मेली. म्हणजे दर तासाला 19 माणसं. महाराष्ट्रात त्या वर्षी 15 हजारांहून अधिक. मेलेल्यांत 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते. सुमारे दोन-तृतीयांश माणसं 18 ते 45 या वयाची होती, म्हणजे तुमच्या-माझ्या घरातली कमावती माणसं. आणि 68 टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले. मोठ्या शहरात गर्दी असते, पण गर्दीत गाडी पळत नाही. माणूस मरतो तो मोकळ्या रस्त्यावर.

याच अहवालातली आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आपण म्हणतो, वळण वाईट होतं, खड्डा होता, पाऊस होता. पण 2022 मधले सुमारे 67 टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाले. वळणं, खड्डे, चढउतार हे सगळं मिळून 14 टक्केही भरत नाही. खड्ड्यावर आंदोलन करणं सोपं आहे आणि ते करायलाच हवं. पण आपले जास्त लोक चांगल्या रस्त्यावर मरतात, ही गोष्ट आपल्याला आधी पचवावी लागेल. अतिवेग हे कारण 71 टक्के मृत्यूंमागं नोंदलेलं आहे.

आता आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा. इंदापूर तालुक्याच्या अंगावरून पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग जातो. भिगवणपासून इंदापूरपर्यंत गाड्या सुसाट असतात आणि त्याच पट्ट्यात दोन्ही बाजूंना शेतं, वस्त्या, शाळा, ढाबे आहेत. दुसरीकडं पाटस, बारामती, काटेवाडी, निमगाव केतकी, इंदापूर असा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग. 8 नोव्हेंबर 2021 ला त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, पाटस ते तोंडले-बोंडले असा सुमारे 130 किलोमीटरचा टप्पा. बारामतीहून भिगवण, फलटण, मोरगाव, नीरा अशा दिशांना फुटणारे रस्ते वेगळेच. शहरात एमआयडीसी आहे, शिक्षणसंस्था आहेत, शासकीय मेडिकल कॉलेज आहे. सकाळ-संध्याकाळ शिफ्ट सुटते, कॉलेज सुटतं, तेव्हा तीन हत्ती चौक, भिगवण चौक, पेन्सिल चौक इथं काय होतं, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही.

रस्ता रुंद झाला की प्रगती झाली, असं आपण मानतो. फायदा होतोच, मी नाकारत नाही. पण रुंद रस्ता दोन गोष्टी एकदम करतो. गाडीचा वेग वाढवतो आणि पायी रस्ता ओलांडणाऱ्याचं अंतर वाढवतो. पूर्वी आजीला दहा पावलांत पलीकडच्या शेतात जाता येत होतं. आता तिला चार पदर आणि मधला दुभाजक पार करायचा आहे. भुयारी मार्ग किलोमीटरभर लांब असेल, तर ती तिथवर चालत जाणार नाही, दुभाजकाच्या फटीतूनच जाणार. तिचा पोरगा दुचाकीवर असेल, तर तो वळसा टाळायला उलट्या दिशेनं घुसणार. त्याला आपण बेशिस्त म्हणतो आणि तो बेशिस्त आहेच. पण ज्यानं रस्ता आखला, त्यानं या वस्तीतली माणसं रोज कुठून कुठं जातात, हे बघितलं होतं का, हाही प्रश्न आहे.

आपल्या भागाचा खास धोका म्हणजे एकाच रस्त्यावर तीन वेगवेगळे वेग. शंभरनं जाणारी मोटार, साठनं जाणारी दुचाकी आणि पंधरा-वीसनं जाणारा उसाचा ट्रॅक्टर. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, नीरा-भीमा. इतके कारखाने दोन तालुक्यांत आहेत की नोव्हेंबर ते मार्च आपला एकही रस्ता उसाशिवाय नसतो. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस, त्याखाली झाकून गेलेला मागचा दिवा, असलाच तर. देशातल्या नोंदीत अपघाताचा सगळ्यांत मोठा प्रकार मागून धडक हा आहे, एक-पंचमांशाहून जास्त. आपल्याकडं ती मागून धडक कशाला बसते, हे फडातल्या माणसालाही ठाऊक आहे.

थोडं गणित करू. दुचाकी ताशी साठच्या वेगानं जाते, तेव्हा एका सेकंदात ती जवळजवळ 17 मीटर पुढं जाते. पुढं काहीतरी आहे हे दिसून हात ब्रेकवर जायला दीड सेकंद लागला, तर ब्रेक लागायच्या आधीच 25 मीटर गेले. नंतर गाडी थांबायला आणखी 20 मीटर. एकूण 45, म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्यांहून जास्त. रिफ्लेक्टर नसलेली काळी ट्रॉली अंधारात यापेक्षा जवळ आल्यावर दिसली, तर तुम्ही कितीही पट्टीचे चालक असा, गाडी थांबणार नाही. आणि वेग ऐंशी केला तर हेच अंतर सत्तरच्या घरात जातं. इथं तकदीर कुठं आली? एक रिफ्लेक्टरची पट्टी आली, एक मागचा दिवा आला आणि आपला वेग आला.

देशात सर्वाधिक अपघात संध्याकाळी 6 ते 9 या वेळात होतात. ही वेळ आपल्याला कशाची आठवण करून देते? सध्या रमजान हिवाळ्याच्या अखेरीस येतो, म्हणजे ऐन उसाच्या हंगामात. दिवसभराचा रोजा, अंगात पाणी नाही, डोकं जड, एमआयडीसीतून किंवा गॅरेजमधून सुटलेला पोरगा, हँडलला खजुराची आणि भज्यांची पिशवी, आणि अजानला पंधरा मिनिटं बाकी. त्याच वेळी उजेड जातो आणि ट्रॉल्या कारखान्याकडं निघालेल्या असतात. त्या पंधरा मिनिटांत घर गाठायची धडपड कशासाठी? पिशवीत खजूर आहेत ना? रस्त्याकडेला गाडी लावा, रोजा सोडा, पाणी प्या, मग निघा. घरच्यांनीही ‘कुठपर्यंत आलास’ असा फोन त्या वेळी करू नये. तो उचलण्यासाठी त्याचा एक हात सुटतो. आपल्या मशिदींच्या विश्वस्तांना आणि इमामसाहेबांना भेटून रमजानच्या पहिल्या शुक्रवारी एवढं सांगायला लावा. त्याला खर्च काहीच नाही.

आता रात्रीबद्दल. जुलै 2019 मध्ये आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यातल्या यवतचे नऊ तरुण मित्र रायगड बघून परत येत होते. 19 तारखेच्या मध्यरात्रीनंतर लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीला त्यांची मोटार दुभाजक ओलांडून समोरच्या ट्रकवर आदळली. नऊच्या नऊ गेले. सगळे विशीच्या आसपासचे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नावं आली, त्यात हिंदू होते आणि मुस्लीमही होते. शिवरायांची राजधानी बघायला एकत्र गेलेली पोरं एकत्रच संपली. डिसेंबर 2024 मध्ये बारामती-भिगवण रस्त्यावर जैनकवाडीजवळ पहाटे प्रशिक्षणार्थी वैमानिकांच्या मोटारीला अपघात झाला, त्यातही तरुण जीव गेले. विमान चालवायला शिकणारी मुलं होती ती. यंत्र कसं चालवायचं हे कळणं वेगळं आणि रात्री दोन-तीन वाजता शरीर साथ देत नाही हे मान्य करणं वेगळं. एका दिवसात जाऊन यायचं, रात्रीत परतायचं, कारण सकाळी कामावर जायचंय. ही आपल्या पोरांची मजबुरी मला कळते. पण लॉजचे हजार रुपये वाचवायला आपण रात्रीचा प्रवास करतो, तेव्हा नेमकं काय पणाला लावतो, याचा हिशेब निघण्याआधी करा.

19 मे 2024 ची पुण्याच्या कल्याणीनगरची घटना तुम्हाला आठवत असेल. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात पोर्श गाडी, दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू, आणि 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची ती अट. आपण सगळे चिडलो आणि चिडायलाच हवं होतं. पण आपल्या गल्लीत काय चालतं? नववीतला मुलगा ट्यूशनला ॲक्टिव्हा घेऊन जातो. अब्बा कौतुकानं सांगतात, आता मटण-भाजी तोच आणतो. पोर्शचा बाप आणि ॲक्टिव्हाचा बाप यांच्यात पैशाचा फरक आहे, कायद्यात फरक नाही. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. ज्या पोराला पुढं ड्रायव्हर म्हणून, डिलिव्हरीवाला म्हणून पोट भरायचं असेल, त्याच्या हातातला धंदाच गेला.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. 2022 मध्ये देशात 50,029 माणसं हेल्मेट नसताना मेली. त्यातली 14 हजारांहून अधिक मागं बसलेली होती. मागं कोण बसतं? बायको, आई, बहीण, लेकरू. पुढच्या पुरुषाच्या डोक्यावर दंडाच्या भीतीनं हेल्मेट असतं आणि मागं बुरख्यात किंवा साडीत बसलेली बाई उघड्या डोक्यानं. कलम 129 नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, पुढं बसा की मागं. चार वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळे नियम आहेत, त्यात मुलाला बांधायचा पट्टा, लहान हेल्मेट आणि चाळीसच्या आतला वेग येतो. बायकांनी जपायचं आणखी एक म्हणजे ओढणी, पदर आणि बुरख्याचा घोळ. मागच्या चाकावरचं जाळीचं कव्हर शोभेला म्हणून काढून टाकतात. ते नसेल, तर कापड आधी चाकात जातं आणि मग माणूस खाली येतो. आपल्यातले कितीतरी जण गॅरेज चालवतात. तुमच्याकडं आलेली गाडी हे कव्हर बसवल्याशिवाय सोडू नका.

हेल्मेटवर जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष सांगतो. डोक्याच्या दुखापतीचा धोका त्यामुळं सुमारे 69 टक्क्यांनी आणि मृत्यूचा 42 टक्क्यांनी कमी होतो. पण आयएसआय शिक्का असलेलं आणि हनुवटीखाली पट्टा लावलेलं हेल्मेट. रस्त्याकडेचं दोनशे रुपयांचं टोपलं नव्हे.

आता मी अपघातानंतरच्या घरात जाणार आहे. इथं आपला समाज सगळ्यांत जास्त गमावतो, असं मला वाटतं.

घरात मयत आली की दफन लवकर व्हावं, ही सगळ्यांची इच्छा असते. कुणीतरी म्हणतं, चिरफाड कशाला, पोलिसांचं झंझट कशाला. शवविच्छेदन टाळायची धडपड सुरू होते. कधी समोरचा गाडीवाला चार प्रतिष्ठित माणसं घेऊन येतो आणि बैठकीत एक-दोन लाखांवर प्रकरण मिटतं. दुःखात असलेल्या माणसांना तेही बरं वाटतं. पण एफआयआर नाही आणि शवविच्छेदनाचा अहवाल नाही, म्हणजे मृत्यू अपघातानं झाला हे सिद्ध करणारा कागदच नाही. पुढं दावा उभा करणं फार अवघड होतं.

त्या दाव्याची किंमत किती असते, ते ऐका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांनी भरपाईचं सूत्र ठरवून दिलंय. समजा, 24 वर्षांचा तरुण गॅरेजमध्ये महिना 15 हजार कमावत होता. त्यात पुढच्या प्रगतीचे 40 टक्के धरले की 21 हजार होतात. घरात बायको, मूल आणि आई अवलंबून असतील, तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक-तृतीयांश वजा करून 14 हजार उरतात. त्याला 12 महिन्यांनी आणि त्या वयासाठीच्या 18 या गुणकानं गुणा. 30 लाख 24 हजार रुपये. बैठकीतले दोन लाख आणि हे तीस लाख, यांतलं अंतर म्हणजे त्या लेकराचं सगळं शिक्षण आहे. चूक थोडी मयताचीही असेल, तर रक्कम कमी होते, पण दावा संपत नाही. हा कायदा सगळ्या धर्मांच्या माणसांना सारखा लागू आहे. विधवेला, मुलांना, आईवडिलांना तो स्वतःचा हक्क देतो. आणि बाई गेली तर? जानेवारी 2021 मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की गृहिणीच्या कामालाही पैशात किंमत आहे आणि ती भरपाईत धरली पाहिजे. ‘ती घरीच असायची’ हे वाक्य आता न्यायालयात चालत नाही.

या हक्कालाही मुदत आहे. दाव्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिने दिले आहेत. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण आपण तिच्या आतच अर्ज करावा. आता बघा, विधवेच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस. सहा महिन्यांतले सव्वाचार महिने ती घराबाहेर पडत नाही, तिच्याशी कुणी कागदपत्रांबद्दल बोलत नाही, सासर-माहेरात एकमेकांवर ढकलाढकली होते. ती उठते तेव्हा हातात जेमतेम दीड महिना असतो. इद्दत पाळणं, न पाळणं हा तिचा प्रश्न. पण कागद तयार करायला त्यामुळं काही अडत नाही. वकील घरी येऊ शकतो, सही घरी होऊ शकते. एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, उत्पन्नाचा पुरावा, बँकेचं पासबुक, आधार हे सगळं तुमच्यासारख्या शिकलेल्या पोरापोरींनी पंधरा दिवसांत गोळा करून द्यायचं. गाडी धडक देऊन पळाली आणि सापडलीच नाही, तरीही 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपयांची सरकारी भरपाई आहे. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात जातो.

आणि आपल्या गाडीचं काय? नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळतो. सहाव्या वर्षी कुणाला आठवत नाही. आज घरी गेल्यावर तारीख बघा. विमा नसलेल्या गाडीनं कुणाचा जीव गेला, तर भरपाई तुमच्या घरातून, शेतातून वसूल होईल.

आता रस्त्यावर पडलेल्या माणसाबद्दल. आपण थांबत नाही, कारण आपल्याला पोलिसांची आणि कोर्टाच्या खेपांची भीती वाटते. आपल्यातल्या काहींना आणखी एक भीती असते, ती मी उघड बोलतो. रात्रीची वेळ, जमलेला जमाव, आणि कुणीतरी नाव विचारलं तर? ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण कायदा काय सांगतो ते माहीत असलेला माणूस कमी घाबरतो. 30 मार्च 2016 ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. 2019 मध्ये कलम 134अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई करता येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. दवाखाना तुम्हाला थांबवून ठेवू शकत नाही किंवा पैसे भरायला लावू शकत नाही. जखमीवर आधी उपचार करणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, हे तर 1989 च्या परमानंद कटारा निकालापासून ठरलेलं आहे. 2025 पासून नियुक्त दवाखान्यांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या उपचारांची रोकडविरहित योजनाही आहे.

करायचं काय? 108 ला किंवा 112 ला फोन, राष्ट्रीय महामार्गावर 1033. जागा नीट सांगा, जवळचा किलोमीटरचा दगड वाचा. मागून येणाऱ्या गाड्यांना सावध करायला एकाला उभं करा. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. मानेला, पाठीला मार असेल असं वाटलं, तर उगाच ओढाताण करू नका. तोंडात पाणी ओतू नका. आणि व्हिडिओ काढणाऱ्याला बाजूला करा. रस्त्यातला काटा-दगड उचलणं हाही सदका आहे, असं आपल्याला शिकवलं गेलंय. मग रस्त्यात पडलेला माणूस उचलणं काय असेल, ते मी सांगायला नको.

शेवटचा भाग प्रशासनाचा. आपण सगळं नीट केलं, तरी माणूस चुकतोच. 1997 मध्ये स्वीडनच्या संसदेनं हे मान्य करून धोरण ठरवलं की चूक झाली तरी जीव जाऊ नये, असा रस्ता बांधायचा. हे परदेशातच होतं असं नाही. आपल्याच मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 माणसं मेली होती. तिथं प्रत्येक अपघाताची जागा तपासली गेली, उघड्या कठड्यांना संरक्षक पट्ट्या लावल्या गेल्या, उभ्या ट्रकांवर, वेगावर आणि रुग्णवाहिकेच्या वेळेवर काम झालं. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याच्याही खाली आले. रस्ता तोच होता, माणसंही तीच होती.

आणि आपल्याकडं तर दरवर्षी एक पुरावा चालत येतो. तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत जाते. त्या दिवसांत वाहतूक वळवली जाते, पोलीस उभे राहतात, रुग्णवाहिका तयार असतात, आणि म्हातारी वारकरी बाई रस्त्याच्या मधून निर्धास्त चालते. म्हणजे पायी चालणाऱ्या माणसासाठी रस्ता सुरक्षित करणं आपल्या प्रशासनाला जमतं. त्याच रस्त्याकडेच्या शाळेतल्या मुलासाठी वर्षभर तेवढं नको, त्याच्या दहाव्या भागाएवढं तरी मागू या.

मागायचं कसं? राष्ट्रीय महामार्गावर साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ धरली जाते. तिथं दुरुस्ती करणं ही यंत्रणेची जबाबदारी आहे. सदोष आखणी किंवा देखभालीमुळं जीव गेला, तर कलम 198अ नुसार ठेकेदार आणि संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोईम्बतूरचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजसीकरन यांनी जनहित याचिका केली. त्यावर नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असावी असे निर्देश दिले. एका डॉक्टरनं आपल्या टेबलावर येणारी मोडकी हाडं बघून प्रश्न विचारला, म्हणून हे झालं.

तर तुमच्यासाठी काम ठरवून देतो. पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटानं आपल्या गावाजवळची एक जागा घ्यायची. एखादा चौक, शाळेसमोरचा फाटा, कारखान्याकडं वळणारा रस्ता. माहिती अधिकारात पोलीस ठाण्याकडून तिथल्या तीन वर्षांच्या अपघातांची नोंद मागायची. एक दिवस सकाळी आणि एक दिवस संध्याकाळी सहा ते नऊ तिथं उभं राहायचं. दिवा आहे का, पांढरे पट्टे दिसतात का, लोक कुठून ओलांडतात, किती ट्रॉल्या रिफ्लेक्टरशिवाय गेल्या, हे वहीत लिहायचं. मग फोटोसह एक पानाचं निवेदन ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद, बांधकाम विभाग, परिवहन कार्यालय आणि जिल्हा समितीला द्यायचं, आणि पोच घ्यायची. ऊसहंगामाच्या आधी कारखान्यावर जाऊन विचारायचं की रिफ्लेक्टरशिवायची ट्रॉली तुम्ही वजनकाट्यावर घेता कशी? या गटात फक्त आपलीच पोरं नकोत. यवतच्या त्या गाडीत जसे सगळे एकत्र होते, तसेच या कामातही सगळे हवेत.

उसाचा पुढचा हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होईल. तोवर दोन्ही तालुक्यांतून दहा जागांच्या वह्या तयार हव्यात. नावं आजच लिहून द्या. आणि निघताना हेल्मेटचा पट्टा लावा. मागं बसणारीच्या हेल्मेटचाही.